ग्रह म्हणजे फिरणारा नाही, धरणारा!

प्रश्न आलाय की दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह आणि जोडताऱ्यातला धाकटा तारा, दोघांनाही ‘साथीदार’ म्हणावं का. नाही हो, साथीदार चोराचे असतात, पेपरात रोज वाचता ना? सहचर म्हणा.

पण ‘ग्रह म्हणजे भटक्या’ हे कुठून आणून राहिलेत लोक? परवा धंतोलीत एका व्याख्यानात पुन्हा तेच! भटक्या हा अर्थ ग्रीकांच्या शब्दाचा. आपला ग्रह ‘ग्रह्’ धातूचा, म्हणजे धरणं, पकडणं. ग्रहण, आग्रह, पाणिग्रहण सगळे त्याच घरचे, गजेंद्राचा पाय धरणारी मगर तीही ‘ग्राह’. राहूला तर अंगपिंडच नाही, तरी तो नवग्रहांत बसला, कारण तो सूर्याला धरतो. ‘माणसाचं नशीब धरतो तो ग्रह’ एवढं सांगून थांबणारे कोशवाले मला अजिबात पटत नाहीत, खरी पकड ताऱ्यावर आहे.

नागपुरात महाल भागातल्या आमच्या वाड्यात भुलाबाईच्या दिवसांत फुगडी रंगायची. सारख्या वजनाच्या दोघी असल्या की दोघीही मधल्या जागेभोवती गरगरायच्या, तो जोडतारा. आत्यानं चिमुरडीचे हात धरले की पोर भिरभिरतेय आणि आत्या जागच्या जागी जराशी डोलतेय, हा तारा आणि ग्रह. ताऱ्याचं आपल्याकडे आणि मागे असं ते डोलणंच तर खगोलशास्त्रज्ञ मोजतात! गुरूमुळे सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर वेगानं डोलतो, १९९५ मध्ये मेयर आणि केलोझ या खगोलशास्त्रज्ञांना ५१ पेगासी या ताऱ्याभोवती जो ग्रह सापडला त्यानं आपल्या ताऱ्याला सेकंदाला पन्नासहून जास्त मीटर वेगानं हलवलं होतं, आणि जवळजवळच्या जोडताऱ्यांत हाच आकडा कित्येक किलोमीटरवर जातो. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश किंचित घटतो, तेही छोटं ग्रहणच, म्हणजे धातू पुन्हा तोच!

आणि दुसऱ्या ताऱ्यांच्या ग्रहांना ‘बाह्यग्रह’ हे नाव सुचवणाऱ्यांनी आधी सांगावं, पृथ्वीच्या कक्षेबाहेरचे म्हणून मंगळ-गुरूंना आपण बहिर्ग्रह म्हणतो, त्यांचं काय करायचं? परताऱ्याचा ग्रह म्हणा, सरळ कळतं.

हां, सहचर. साधारण १३ गुरूंपेक्षा कमी वस्तुमान असेल तर ग्रह, ८० च्या आसपास आणि वर असेल तर तारा, मधले, ना धड ग्रह ना धड तारा, ते तपकिरी बटू. पण फुगडी आपल्याला जवळजवळ वरून दिसत असेल तर आत्याचं आपल्याकडे येणं-जाणं जेमतेमच कळतं, मग पोरीचं वजन कमी वाटतं. एचडी ११४७६२ या ताऱ्याचा सहचर १९८९ मध्ये सापडला, किमान ११ गुरूंइतका, बरेच जण त्याला ग्रह समजायचे, आणि ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजमापांनंतर तो लहानसा तारा ठरला. वजन नक्की कळेपर्यंत सहचरच लिहा.