नागपूरच्या बर्डीवरून सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला, दुकानदारानं विंडोज टाकून दिलं आहे, तरी सगळं पुसून पुन्हा टाकावं का?

हो ताई, पुसा. दुकानदार "फॉरमॅट मारूनच दिला आहे" म्हणत असला तरी पुसा, आणि मुलाच्या हातात द्यायच्या आधी पुसा.

तुम्ही लिहिलं आहे की आय फाइव्ह आहे, 8 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क, विंडोज 10 दुकानातूनच टाकून मिळालं, मुलगा दहावीत आहे, बाबांना पेन्शन आणि बँकेचं पाहायचं असते, आणि मिस्टर म्हणतात चालूच आहे तर कशाला हात लावायचा. मी पण हेच म्हटलं होतं म्हणून पहिले माझं सांगतो.

2022 च्या उन्हाळ्यात आम्ही असाच एक सीपीयू घेतला, कुठल्या तरी ऑफिसातला असेल असं दुकानात सांगितलं होतं. सी ड्राइव्ह कोरा करकरीत होता, नवीन विंडोज, मस्त वॉलपेपर, सगळं ठीक. माझी मुलगी तेव्हा सातवीत, ती गेम शोधता शोधता डी ड्राइव्हमध्ये गेली आणि मला हाक मारली, बाबा हे लोक कोण आहेत. कोणाच्या तरी घरचं बारसं होतं, पन्नासेक फोटो, मग एका आजोबांचे दवाखान्याचे रिपोर्ट, आधार आणि पॅनचे स्कॅन, आणि एका एक्सेल फाइलमध्ये बँकेचे लॉगिन सरळ लिहून ठेवलेले. मी पुढचं उघडलंच नाही. अंगावर काटा आला, कारण माझा जुना कॉम्प्युटर मी त्याच्या आदल्या वर्षी असाच एका दुकानात देऊन आलो होतो. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणे डिलीट मारून टाका ना भाऊ.

डिलीट मारून काही होत नाही हे तेव्हा समजलं. माझ्या मेव्हण्यानं डी ड्राइव्हला क्विक फॉरमॅट मारला, ड्राइव्ह रिकामा दिसायला लागला, मग आम्ही रिकुवा नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं तर बारशाचे फोटो रांगेनं परत यायला लागले. क्विक फॉरमॅट म्हणजे घराच्या दारावरची पाटी काढून टाकल्यासारखं आहे, नाव गेलं पण सामान आतच. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोपर्यंत ते तिथंच पडून असते.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट निघाली. विंडोज सिक्युरिटी उघडून पाहिली तर एक्स्क्लुजन्सच्या यादीत आख्खा सी ड्राइव्ह टाकलेला होता, म्हणजे अँटिव्हायरसला सांगून ठेवलं होतं की इथं पाहूच नको. काहून, तर विंडोज क्रॅक करायचं जे अ‍ॅक्टिव्हेटर असते ते अँटिव्हायरस पकडते म्हणून. आणि स्टार्टअपला, म्हणजे मशीन सुरू होताच, दुरून मशीन चालवायचं एक रिमोटचं अ‍ॅप पण चालू होतं, पासवर्ड दुकानवाल्यालाच माहीत. त्यानं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, एकच इमेज, म्हणजे तयार विंडोजची नक्कल, सगळ्या मशीनवर टाकत असतील, पण त्या मशीनवरून माझी आई बँकेत लॉगिन करणार होती ना. तुम्ही आजच तुमच्या मशीनवर हे दोन पाहून घ्या, एक्स्क्लुजन्स आणि टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप. काही नाही निघालं तरी पुसाच, आणि तोपर्यंत त्याच्यावरून बँकेचं, मेलचं काही उघडू नका.

पुसायच्या आधी मात्र तासभर द्या, कारण काही गोष्टी आताच्या विंडोजमधूनच सोप्या दिसतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत पाहा. निळं गुड असेल तर ठीक, पिवळं कॉशन असेल तर खाली रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर (डिस्कच्या खराब जागांचा हिशेब) या ओळी पाहा, त्या शून्य नसतील तर त्या डिस्कवर मेहनत करू नका, दुकानात परत न्या, अजून दिवस झाले नसतील तर बदलून देतात. मग विंडोज खरं आहे का ते, कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर लिहून स्पेस देऊन स्लॅश एक्सपीआर मारा. पर्मनंटली अ‍ॅक्टिव्हेटेड आलं तर लायसन्स असण्याची शक्यता चांगली आहे (पक्कं नाही, काही क्रॅक पण असंच दाखवतात), आणि घरच्या मशीनवर सहा महिन्यांच्या आतली एक्स्पायरीची तारीख दिसली तर ते बहुतेक क्रॅक आहे. खरं डिजिटल लायसन्स मदरबोर्डला जोडलेलं असते, त्यामुळे डिस्क पुसली तरी तेच एडिशन टाकून नेट लावलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होऊन जाते, प्रॉडक्ट की लिहून ठेवायची गरज नाही. होम होतं की प्रो होतं एवढं मात्र लिहून ठेवा.

आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) एकदा जाऊन पाहा, पासवर्ड मागते का. मागितला तर दुकानातूनच काढून आणा. कोणी लॅपटॉप घेत असेल तर हे अजून महत्त्वाचं आहे, कंपनीचे लॅपटॉप कधीकधी कंपनीच्या नावावर नोंदलेले असतात, ते कितीही वेळा पुसा, नवीन विंडोज टाकून नेट लावलं की थेट त्या कंपनीचा ईमेल मागते. म्हणून लॅपटॉप घेताना दुकानातच रीसेट करून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहायचं, पैसे नंतर द्यायचे.

आता टाकायचं काय. प्रोसेसरचा पूर्ण नंबर पाहा, फक्त आय फाइव्ह म्हणून काही समजत नाही. आय फाइव्हच्या पुढं 4 नं सुरू होणारा चार आकडी नंबर असेल तर तो चौथ्या पिढीचा, म्हणजे 2013-14 च्या सुमाराचा. 8400 असेल तर आठव्या पिढीचा, 10400 असा पाच आकडी असेल तर दहाव्या. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागते. आठव्या पिढीचा किंवा पुढचा असूनही टीपीएम नाही असं दाखवत असेल तर घाबरू नका, डेस्कटॉपमध्ये ते पुष्कळदा बायोसमध्ये बंद असते, पीटीटी नावानं शोधा आणि चालू करा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, नोंदणी करून जे जास्तीचे सुरक्षेचे अपडेट मिळतात तेही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतचेच जाहीर झाले, म्हणून आता मेहनत करून पुन्हा विंडोज 10 टाकण्यात मला अर्थ वाटत नाही. जुन्या मशीनवर जुगाड करून 11 बसवता येते, मुलं करतातही, पण अशा मशीनला पुढं अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही आणि बाबांच्या पेन्शनच्या मशीनवर मी ते करणार नाही.

आमचा चौथ्या पिढीचाच निघाला. आम्ही विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम, लिनक्स मिंट टाकलं. लोक लिनक्स म्हटलं की घाबरतात, पण माझी आई 71 वर्षांची आहे, तिला फक्त खाली डाव्या कोपऱ्यात बटन आहे आणि फायरफॉक्सचं चित्र आहे एवढं सांगितलं, ती आरामात वापरून राहिली. मिंट फुकट आहे, क्रॅकची भानगड नाही, 22 व्या मालिकेला 2029 पर्यंत अपडेट आहेत आणि 8 जीबी रॅमवर तर पळतेच. ब्राउझरमधलं सगळं चालते, बँक, डिजिलॉकर, महाडीबीटी, यूट्यूबचे क्लास. वर्ड-एक्सेलसारखं लिबरऑफिस सोबतच येते. बाबांचं जीवन प्रमाण (पेन्शनचा हयातीचा दाखला) आता मोबाइलवर चेहरा दाखवून होऊन जाते, त्याला हा कॉम्प्युटर लागत नाही. पण मुलगा दहावीनंतर सुट्टीत एमएससीआयटी लावणार असेल तर तिथं विंडोज आणि एमएस ऑफिसच शिकवतात, घरी तोच सराव हवा असेल किंवा घरात कोणी टॅली वापरत असेल तर विंडोजच पाहा. तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा वरचा असेल तर खुशाल 11 टाका, माझा काही हट्ट नाही.

पेन ड्राइव्ह 8 जीबी किंवा मोठा घ्या, त्यातलं सगळं जाईल हे लक्षात ठेवा, आणि तो या मशीनवर बनवू नका. भावाकडं, ऑफिसात, जिथं विश्वासाचं मशीन आहे तिथं बनवा. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल, मिंटसाठी त्यांच्या साइटवरून फाइल आणि ती पेन ड्राइव्हवर चढवायला रुफस नावाचं सॉफ्टवेअर. यूट्यूबच्या व्हिडिओखाली जी लिंक असते तिथून काहीही उतरवू नका, नाहीतर एका दुकानाचं क्रॅक काढून दुसऱ्याचं टाकल्यासारखं होईल.

मग खरं पुसणं. बाकी सगळे पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवा, हे मी हात जोडून सांगतो, चुकीची डिस्क निवडली तर तुमच्याच लग्नाचे फोटो जातील. विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा (डेलला आणि लेनोव्होला बहुतेक एफ 12, एचपीला एफ 9), पहिली भाषेची स्क्रीन आली की शिफ्ट आणि एफ 10 दाबा, काळी खिडकी उघडते. डिस्कपार्ट लिहा, मग लिस्ट डिस्क, साइज पाहून ओळखा कुठली तुमची 500 ची आहे, ती 0 नंबरची असेल तर सिलेक्ट डिस्क 0, आणि मग क्लीन ऑल. नुसतं क्लीन लिहिलं तर ते फक्त पाटी काढते, क्लीन ऑल पूर्ण डिस्कवर शून्य लिहिते. एकदा फिरवलं की बस, सात-सात वेळा करायची गरज नाही. 500 जीबीला दीड-दोन तास, जुनी डिस्क असेल तर अजून जास्त, आणि टक्केवारी वगैरे काहीच दिसत नाही, नुसता कर्सर लुकलुकतो, मी पहिल्या वेळी हँग झालं समजून अर्ध्यात बंद केलं आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. मिंटवाल्यांना अजून सोपं, मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालू होते, त्यात डिस्क्स नावाचं अ‍ॅप आहे, फॉरमॅट डिस्क करताना ओव्हरराइट विथ झिरोज निवडायचं.

हे पहाटे किंवा रात्री लावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, जुना पंखा, आत धुळीचा थर, त्यात दोन तास डिस्क सलग चालणार. आम्ही झाकण उघडून आधी ब्लोअरनं धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता काढणारी पेस्ट वाळून खडू झाली होती ती बदलली. आणि सीपीयू घरातल्या पाण्याच्या कूलरच्या हवेसमोर ठेवू नका बाप्पा, थंड लागते म्हणून लोक ठेवतात पण ती ओली हवा आत जाते. मध्येच लाइट गेली तर पुसण्याचं काही बिघडत नाही, पुन्हा लावायचं, फक्त बायोस अपडेट लाइटच्या भरवशावर करू नका.

एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवाली डिस्क) असेल तर क्लीन ऑल मारत बसू नका. एसएसडी आतल्या आत जागा बदलत राहते, त्यामुळे वरून लिहिलेलं सगळीकडे पोचेलच असं नाही, आणि झीज होते ती वेगळी. तिच्यासाठी बायोसमध्ये सिक्युअर इरेज असते किंवा कंपनीचं टूल असते. तुमची हार्ड डिस्क आहे म्हणता, तर जमलं तर 256 जीबीची एक एसएसडी लावाच, जुन्या मशीनला यापेक्षा मोठा फरक कशानंच पडत नाही, आणि पुसलेली 500 ची फोटो ठेवायला आतच राहू द्या.

टाकणं तर सरळ आहे, पुढं पुढं दाबत जायचं. नेट लागत नसेल तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच चालते, मग ड्रायव्हर अपडेटमधूनच येतात. पुसून झाल्यावर सगळ्या साइट कनेक्शन सुरक्षित नाही म्हणायला लागल्या तर घाबरू नका, आधी तारीख पाहा, मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर 2032 म्हणून मिळतो, तो संपला की तारीख मागं जाते आणि असं होते.

मग खाती. अ‍ॅडमिनचं खातं फक्त तुमचं, त्याचा पासवर्ड घरात कोणाला नाही. मुलाचं वेगळं, बाबांचं वेगळं, दोन्ही साधी खाती. माझ्या आईच्या स्क्रीनवर एकदा लाल खिडकी आली, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे या नंबरवर फोन करा, तिनं फोन केला पण, समोरच्यानं एक अ‍ॅप टाकायला लावलं, ते टाकायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागला आणि तो तिच्याकडं नव्हता म्हणून आम्ही वाचलो. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, आणि 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर मॉनिटरवर चिकटवून द्या.

मराठी कीबोर्ड त्याच दिवशी लावून द्या, नंतर राहून जाते. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून मराठी उमटवायचं) मिळते, मिंटमध्ये कीबोर्ड लेआउटमध्ये इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांचा ठरलेला कळफलक) पण आहे आणि कागापा नावाचं फोनेटिक पण. आईला फोनेटिक जमलं नाही, इनस्क्रिप्ट आठवड्याभरात जमलं, म्हणून दोन्ही दाखवा.

पेन ड्राइव्ह काम झाल्यावर दुसऱ्या कशाला वापरू नका. त्याला टेप लावून तारीख लिहा आणि बिलासोबत ठेवा, आमचा दोन वर्षांनी डिस्क बदलली तेव्हा कामात आला.