सुझी लॅम्प्लू केसचा छडा अजून का लागला नाही?
मुख्य कारण एकच, बॉडीच सापडली नाही. २५ वर्षांची सुझी लंडनमधे फुलहॅमला इस्टेट एजंट होती, २८ जुलै १९८६ ला दुपारी गिऱ्हाईकाला घर दाखवायला म्हणून ऑफिसमधून निघाली ती परत आलीच नाही. डायरीत नोंद होती, १२.४५, मिस्टर किपर, ३७ शॉरोल्ड्स रोड. हा किपर कोण ते आजतागायत कळलं नाही. रात्री तिची पांढरी फोर्ड फिएस्टा दुसऱ्याच रस्त्यावर सापडली, हँडब्रेक लावलेला नाही, पर्स गाडीतच आणि चावी गायब. मला हेच सगळ्यात जास्त खटकतं, स्वतःहून निघून जाणारी बाई पर्स टाकून जाईल का?

१९९३ मधे तिला कायद्याने मृत घोषित केलं. २००२ मधे पोलिसांनी एका संशयिताचं नाव उघड केलं, तो आधीच दुसऱ्या एका बाईच्या खुनासाठी जन्मठेप भोगत होता, पण पुरावा पुरेसा नाही म्हणून खटलाच उभा राहिला नाही आणि २०२४ मधे तो जेलमधेच मेला, कबुली न देता. आईवडिलांनी १९८६ मधेच तिच्या नावाने ट्रस्ट काढला, कामानिमित्त एकट्याने फिरणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी, तो अजून चालू आहे.