स्केल मॉडेलच्या प्रदर्शनात विक्रेत्यांच्या स्टॉलवर नेमके काय घ्यावे?

भुसावळहून आपण इंग्लंडमधील टेलफर्डच्या ‘स्केल मॉडेलवर्ल्ड’ या स्केल मॉडेलच्या, म्हणजे प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृतींच्या, प्रदर्शनाला जाणार आहात, तर माझ्या मते टामिया किंवा एअरफिक्स या कंपन्यांच्या नव्या किटवर (भाग जोडून प्रतिकृती बनवायच्या संचांवर) तेथे पैसे खर्च करू नयेत, कारण ती कुरिअरने घरपोच मागवता येतात. लहान उत्पादकांचे रेझिनचे सुटे भाग, पितळी फोटो-एच पत्रे (रसायनाने कोरलेले बारीक भाग असलेले पातळ पत्रे) आणि भारतीय हवाई दलाच्या नॅट किंवा मिग-21 या लढाऊ विमानांसाठीची 1:72 वा 1:48 प्रमाणातील डेकल (प्रतिकृतीवर चिकटवायची छापील चिन्हे) आधी शोधावीत. अशा वस्तू खानदेशातल्या दुकानांत सहसा दिसत नाहीत.

उत्पादन बंद झालेले जुने किट घेताना विक्रेत्याच्या परवानगीने खोका उघडावा, सूचनापत्रकाशी ताडून सुटे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या सर्व प्लास्टिकच्या चौकटी मोजाव्यात, पारदर्शक भागांना तडे नाहीत ना हे उजेडात धरून पाहावे आणि डेकल पिवळी पडली असल्यास किंमत कमी करण्याविषयी नम्रपणे विचारावे. मोठा खोका बॅगेत मावत नसेल तर तो रिकामा करून घडी करून न्यावा. सुटे भाग कपड्यांमध्ये सुरक्षित राहतात.

इनॅमल व लॅकर रंग आणि त्यांचे थिनर मात्र ज्वलनशील असल्यामुळे विमानात नेता येत नाहीत, तेव्हा ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नयेत.