शाखेच्या राउटरवर नवी इमेज टाकण्याआधी

सातपूरच्या ऑफिसात बसून लासलगाव शाखेचा राउटर अपग्रेड करायचा म्हणतोस, तर आधी ‘शो व्हर्जन’ ही कमांड देऊन तिचं उत्तर नीट वाच. मॉडेल, रॅम, चालू इमेजचं, म्हणजे राउटरच्या सॉफ्टवेअर फाइलचं नाव आणि शेवटच्या ओळीतलं कॉन्फिगरेशन रजिस्टर, म्हणजे राउटरने कसं सुरू व्हायचं ते ठरवणारा आकडा. ते २१०२ हवं. २१४२ दिसलं तर थांब. कुणीतरी पासवर्ड रिकव्हरी करून तसंच सोडलंय. रीलोडनंतर, म्हणजे पुन्हा सुरू झाल्यावर, राउटर साठवलेलं कॉन्फिगरेशन वाचणारच नाही.

सिस्कोच्या १९०० आणि २९०० मालिकेत एकच युनिव्हर्सल इमेज असते, सिक्युरिटी वगैरे लायसन्सने उघडतं. जुन्या २८०० ला मात्र फीचरनुसार वेगळी इमेज लागते. तिथे चुकीची निवडलीस तर व्हीपीएनच्या कमांडच गायब!

टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने लांबून फाइल ढकलू नकोस. तो एरवी ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. शाखेच्या लिंकवर जीव नकोसा होतो. एससीपी ही सुरक्षित कॉपीची पद्धत वापर, नाहीतर सरळ पेन ड्राइव्ह घेऊन जा. फाइल उतरली की ‘व्हेरिफाय’ कमांडने तिचा एमडी५, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का ते तपासायचा आकडा काढ आणि सिस्कोने दिलेल्या आकड्याशी अक्षरन् अक्षर ताडून बघ. ही पायरी कितीही घाई असली तरी सोडायची नाही.

जागा असेल तर जुनी इमेज पुसू नकोस. कोणती इमेज चालवायची ते सांगणाऱ्या, कॉन्फिगरेशनमधल्या ‘बूट सिस्टीम’च्या ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि नवी ओळ तळाशी जाते, म्हणून जुन्या ओळी काढून आधी नवी, मग जुनी लिही.

रीलोड कांद्याचे लिलाव चालू असताना नको, शाखा बंद झाल्यावर कर. तिथे राउटरला थेट जोडणारी कन्सोल केबल लावून कुणीतरी बसलेलं असू दे. इमेज चढली नाही आणि राउटर रोममॉनला, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रामलाच अडकला तर नेटवर्कवरून त्याला हात लावता येत नाही.