लाळेतली ‘प्रतिजैविके’?

आरोग्यविषयक भाषांतरं तपासणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘लाळेतील नैसर्गिक प्रतिजैविके बुरशीजन्य संसर्गाला प्रतिबंध करतात’ या वाक्यात ‘प्रतिजैविके’ बरोबर आहे का? ‘लाळ’ऐवजी ‘थुंकी’ म्हटलं तर चालेल का? आणि मूळ मजकुरातल्या ‘हिस्टॅटिन’ला, म्हणजे बुरशीशी लढणाऱ्या लाळेतल्या द्रव्याला, मराठी नाव आहे का?

सोप्यापासून सुरुवात करतो. थुंकी चालणार नाही. द्रव एकच, पण मराठीला त्याचा पत्ता महत्त्वाचा वाटतो. थुंकी आपण टाकतो, बोटाला लावून नोटा मोजतो, आणि काहीजण साहेबांची झेलतात. लाळ सुटते, गळते, नाहीतर नकळत गिळली जाते. थुंकीला माणसाची इच्छा लागते. लाळ आपल्याला न विचारता येते. संसर्गाशी झगडण्याचं काम तोंडातल्या तोंडात, न विचारताच चालतं, म्हणून तिथे लाळच हवी.

जाता जाता: ही लाळ संस्कृत ‘लाला’ची. माला-माळ, फल-फळ, तीच वाट. मराठीत तिच्या वाट्याला मान मात्र फारसा आला नाही. लाळघोटेपणा, जनावरांचा लाळ्या-खुरकूत. गोड म्हणावं असं एक बाळाचं लाळेरं. खरं तर निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. गालगुंड झालं की कानाखाली सुजते ती या कारखान्यातलीच एक मोठी ग्रंथी.

आता ‘प्रतिजैविके’. इथे माझा ठाम नकार आहे, आणि तो केवळ कोशावर बोट ठेवून दिलेला नाही. ‘अँटिबायोटिक’ या संज्ञेला १९४०च्या दशकात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाक्समन यांनी जो अर्थ दिला तो असा: एका सूक्ष्मजीवाने तयार केलेला, दुसऱ्या सूक्ष्मजीवाला मारणारा किंवा त्याची वाढ रोखणारा पदार्थ. पुढे प्रयोगशाळेत घडवलेली औषधंही त्यात आली, पण मराठी वाचकाच्या मनात ‘प्रतिजैविक’ म्हणजे डॉक्टरांनी पाच दिवस घ्यायला सांगितलेली, जिवाणूंवरची गोळी. गंमत पाहा. पेनिसिलिन हे सर्वांत प्रसिद्ध प्रतिजैविक बुरशीने बनवलेलं. शिवाय तोंडातले नेहमीचे जिवाणू प्रतिजैविकांनी मेले की रिकाम्या झालेल्या जागेत बुरशीचं फावतं. म्हणून अशा गोळ्यांनंतर काहींच्या जिभेवर पांढरा थर धरतो. म्हणजे आपल्या वाक्यात बुरशीशी लढणाऱ्याला नाव दिलंय ते नेमकं तिच्या पथ्यावर पडणाऱ्याचं! व्याकरण बिनचूक, अर्थ उलटा.

मग काय म्हणावं? मूळ संज्ञा सगळ्याच सूक्ष्मजंतूंना धरून असेल तर ‘सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडे’ ठीक आहे (पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, प्रथिनांच्या घटकांची, छोटी साखळी). ‘प्रतिसूक्ष्मजैविक’ मीही कधीकाळी वापरलाय, पण मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. इथे मात्र विषय बुरशीचाच आहे, तर तिचंच नाव घ्यावं. कोशात ‘बुरशीनाशक’ तयार आहे, पण नाशिक-सांगलीकडच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारा, बुरशीनाशक म्हणजे पाठीवरचा पंप आणि बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुन्याचं. शब्द चुकीचा नाही, त्याला फवारणीचा वास आहे इतकंच. ‘बुरशीरोधक’ उलट जरा कमी पडतो. रोधक म्हणजे वाढ थोपवणारं, आणि हिस्टॅटिन हे पेप्टाइड तिथे थांबत नाही.

ते करतं काय, हे थोडक्यात सांगायलाच हवं; त्याशिवाय शब्द निवडता येत नाही. हिस्टॅटिन-५ ही २४ अमिनो आम्लांची इवलीशी साखळी, त्यातली ७ हिस्टिडिनची. ती कॅन्डिडा नावाच्या बुरशीच्या पेशीवरच्या प्रथिनांना चिकटते. ही पेशी स्वतःला लागणारी काही द्रव्यं ज्या वाटेने आत ओढून घेते, त्याच वाटेने हिस्टॅटिनही आत शिरतं. ते ओढून घ्यायला पेशी आपलीच ऊर्जा खर्च करते. ऊर्जानिर्मिती बंद पाडलेल्या पेशींवर हिस्टॅटिनचा प्रभाव म्हणूनच फार कमी पडतो. आत गेल्यावर पोटॅशियम आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बाहेर झिरपू लागतात आणि पेशी मरते. कॅन्डिडाही गप्प बसत नाही, हिस्टॅटिनचे तुकडे पाडणारी विकरं (एन्झाइम) ती सोडते. तर मरण आहे, पण फवारणी नाही. माझं मत ‘बुरशीमारक’ला. कोशात नसला तरी कुणालाही न समजावता कळतो.

‘प्रतिबंध करतात’ हे क्रियापदही बदला. कॅन्डिडा कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात मुक्कामाला असतेच. लाळ तिला येऊ देत नाही असं नाही, माजू देत नाही. आपल्याकडे यासाठी ‘आटोक्यात ठेवणे’ आहे. लाळ कमी झाली की हा आटोका सुटतो. तोंड कोरडं पडणारे, कवळी रात्रंदिवस न काढणारे, दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप ओढणारे, यांना त्रास जास्त. (पंपानंतर डॉक्टर चूळ भरा, गुळण्या करा असं दोन्ही सांगतात. चूळ गालात खळखळते, गुळणी घशापर्यंत जाते. दोन्ही शब्द आहेत तर ‘माउथ रिन्स’ कशाला?)

‘हिस्टॅटिन’चं भाषांतर करू नका. बॉस्टनच्या संशोधकांनी १९८८ मध्ये हे नाव रूढ केलं ते हिस्टिडिनवरून, आणि हिस्टिडिनच्या मुळाशी ग्रीक ‘हिस्तोस’, म्हणजे माग, मागावरचं विणलेलं कापड, त्यावरून शरीरातली ऊती. आता आपल्या ‘ऊती’कडे पाहा. संस्कृतात ऊति म्हणजे विणणं! मराठी परिभाषेने ग्रीकांचं रूपक संस्कृतात जसंच्या तसं सापडवलं, हा मला परिभाषा घडवणाऱ्यांचा सर्वांत सुरेख नेम वाटतो. म्हणून ‘ऊतिन’ वगैरे करायचा मोह मलाही झाला. आवरला.

‘पेप्टाइड’ही राहू द्या. ते ग्रीक ‘पेप्तोस’वरून आलं, अर्थ ‘पचलेलं’. आपल्या पच्, पक्व, पिकणे यांचं ते दूरचं भावंड. हिस्टॅटिन-५ तर शब्दशः पचलेलं आहे: ३२ अमिनो आम्लांचं हिस्टॅटिन-३ लाळेतल्या विकरांनी कापलं की ते मिळतं. लिंग नपुंसक: ते पेप्टाइड, ती पेप्टाइडे.

राहिली ‘बुरशी’. पाठ्यपुस्तकात ‘कवक’ असेल तर तिथे तेच ठेवा. सर्वसाधारण वाचकासाठी बुरशीच. फक्त रंग जपून लावा. २०२१ मध्ये म्यूकरमायकोसिसला सरसकट ‘काळी बुरशी’ म्हटलं गेलं, पण काळी पडते ती मेलेली ऊती, बुरशी नव्हे. कॅन्डिडाचं उलट. ‘कॅन्डिडा अल्बिकान्स’ या तिच्या पूर्ण नावात पांढरेपणा दोनदा आहे: लॅटिन ‘कॅन्डिडा’ म्हणजे शुभ्र आणि ‘अल्बिकान्स’ म्हणजे पांढरी होत जाणारी. रोममध्ये पदासाठी उभे राहणारे शुभ्र झगा घालत, त्यावरून कॅन्डिडेट आला; आपल्याकडचा उमेदवारही पांढऱ्याच कपड्यांत हिंडतो, हा योगायोग. आणि हो, या आजाराला ‘तोंड येणे’ म्हणू नका. तोंड आलं असं आपण फोडांना, चट्ट्यांना, काहीही झोंबू लागलं तरी म्हणतो. इथे जिभेवर सायीसारखा थर असतो, तेव्हा ‘तोंडातला बुरशीसंसर्ग’ असं सरळ लिहा.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘लाळेतली हिस्टॅटिनसारखी बुरशीमारक पेप्टाइडे तोंडातली बुरशी आटोक्यात ठेवतात.’ संपादकांना ‘बुरशीमारक’ रुचला नाही तर ‘बुरशीनाशक’वर तडजोड करा. ‘प्रतिजैविके’वर करू नका.