सातबारा वाचायला मॉनिटर कोणता?

प्रश्न : आमच्या सेवा केंद्रात 22 इंची 1920 × 1080 मॉनिटर आहे. सातबाऱ्यातली अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन (चित्रातल्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) 1366 × 768 केलं, तर मात्रा-वेलांट्या पुसट झाल्या. आता 27 इंची 1080चा मॉनिटर घ्यावा का?
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : घाई करू नका, आधी सेटिंग सुधारा. पडद्याचे ठिपके ठरलेले असतात. 1366चं चित्र 1920 ठिपक्यांवर ताणलं की चित्रातल्या एका ठिपक्याच्या वाट्याला पडद्याचे सुमारे 1.4 ठिपके येतात. अर्धा ठिपका पेटत नाही, म्हणून रंग शेजारी पसरतो. रोमन अक्षर त्यातही ओळखू येतं, पण आपला रफार आणि अनुस्वार एक-दोन ठिपक्यांचाच असतो, तो आधी बुजतो. गट नंबर, नावं वाचताना हे चालणार नाही.

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा. रिझोल्यूशन पुन्हा 1920 × 1080 ठेवा आणि स्केल 125 टक्के करा. अक्षरं मोठी होतील, रेघा स्वच्छ राहतील. मॉनिटरला जुन्या पद्धतीची व्हीजीए केबल असेल तर एचडीएमआय लावा, चित्र आणखी स्वच्छ येईल.

27 इंचावर 1080 म्हणजे इंचाला जेमतेम 82 ठिपके. तुमच्या सध्याच्या पडद्यावर 100 आहेत. अक्षर मोठं दिसेल, पण जाडंभरडं. 27 इंचच हवा असेल तर 2560 × 1440 घ्या, तिथे 109 मिळतात. मात्र जुन्या संगणकाच्या एचडीएमआयमधून कधीकधी 1920 × 1200च्या पुढे चित्र निघत नाही. यवतमाळला खरेदीला जाण्याआधी संगणकाच्या मागे डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायची दुसरी खाच, जिच्यातून 2560 × 1440 चित्र निघू शकतं) आहे का, ते पाहून घ्या.