आधी ते टोपणनाव बंद करा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. "पोट्टी तेरा वर्षांची झाली. फोटोत उभी राहत नाही, वर्गात हात वर करत नाही. म्हणते, मला काहीच येत नाही. आम्ही कधी बोटही लावलं नाही, लाडानं फक्त 'येडी' म्हणतो."

फक्त? दिवसातून किती वेळा, ते मोजा जरा. बाळापूरहून फोन आला की चाचीही म्हणणार, "येडीला द्या." गावापासून लांब, लेकराला शाळेत परकं वाटतंच, आता घरातही तेच.

माझ्या धाकट्या भावाला आमच्याकडे 'ढ' म्हणत. दारव्ह्याजवळचं आमचं गाव, तिथं शेजारीही म्हणत. दहावीला गणितात चांगले मार्क पडले, तर म्हणाला, "तपासणाऱ्याची चूक असेल." आज पन्नाशीचा आहे. विहिरीवरची मोटर स्वतः खोलून दुरुस्त करतो, पण बँकेचा फॉर्म बायकोपुढे सरकवतो. अब्बांना ते शेवटपर्यंत सलत राहिलं.

तुम्ही लिहिता, "शाबासकी दिली तर गुरूर येईल." नाही हो. गुरूर म्हणजे दुसऱ्याला तुच्छ लेखणं. तवाजो म्हणजे नम्रता, आणि स्वतःला कवडीमोल समजणं म्हणजे तवाजो नव्हे. कुरआनात सूरह इसराच्या ७०व्या आयतीत आदमच्या सगळ्या लेकरांना इज्जत दिल्याचं सांगितलंय. ती मार्कांवर किंवा रंगावर ठरत नाही. सूरह हुजुरातच्या ११व्या आयतीत तर एकमेकांची थट्टा करू नका, वाईट नावांनी हाक मारू नका, असं सरळ बजावलंय. पैगंबरांचे साथीदार हजरत उमर यांच्या एका मुलीचं नाव 'आज्ञा मोडणारी' अशा अर्थाचं होतं, पैगंबरांनी (स.) ते बदलून जमीला ठेवलं. आपण मात्र चांगलं ठेवलेलं नाव मोडून 'येडी' करतो!

कौतुक करा, पण नेमकं. "हुशार आहेस" म्हटलं तर तिला पटणार नाही. "आज धाकट्याला वजू (नमाजाआधीचं हात-तोंड-पाय धुणं) शिकवलास, न चिडता," हे पटेल. जेवण-झोप उडाली असेल तर मात्र शाळेच्या समुपदेशकाकडे न्या, लाजू नका.

मराठी सुटतेय म्हणता, तर घरात उर्दूच्या जोडीनं वऱ्हाडी बोला.

या शुक्रवारी गावी फोन कराल, तेव्हा पोरगी खोलीत असतानाच चाचीला सांगा: आजपासून हिला हिच्या नावानंच हाक मारायची.